संतांच्या चित्रांतील खुणा व मुखें

संतांचीं चरित्रें, त्यांच्या गाथांचे पाठ व त्यांच्या समाधींचे काळ यांविषयीं महाराष्ट्रांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांच्या चित्रांविषयीं त्या मानानें फार थोडें. संग्राहकांच्या दप्तरांत पोथ्यांबरोबर सुटीं चित्रें येतात, तीं 'धार्मिक चित्रें' अशा मोघम मथळ्याखालीं रुमालांत बांधून ठेविलीं जातात, आणि कोणी विकत मागूं लागला म्हणजे मात्र त्यांतील एखादें एकदम 'समकालीन अस्सल चित्र' ठरतें. या प्रकारास थोडा आळा बसावा, एवढ्याच हेतूनें पुढील मजकूर लिहिला आहे. त्यास निमित्त एका खेळाचें झालें.

आम्ही शाळेच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर नव्या मुंबईंत नेरुळ येथें राहावयास आलों. १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन पंच्याण्णव गांवांच्या जमिनींवर हें शहर वसूं लागलें. मूळच्या आगरी-कोळी वस्त्या त्यांत अद्याप आहेत, व त्यांतील भजनेंहि आहेत. शके १९४७ च्या आषाढ शुद्ध एकादशीस (६ जुलै २०२५) आमच्या वसाहतींतील तरुण मंडळींनीं मुलांसाठीं एक खेळ योजिला होता. संतांचीं चित्रें एकामागून एक पडद्यावर दाखवावयाचीं, व जो प्रथम नांव सांगेल त्यास गुण द्यावयाचा. कांहीं मुलें आपापल्या आजोळाहून, व एक तर परदेशांतून, भ्रमणध्वनीवरून खेळांत सामील झालीं होतीं. जिंकणारांस कापडावर छापलेला एकेक मोक्षपट फुकट द्यावयाचा होता. पंच म्हणून आम्हांस बसविलें होतें.

पहिल्या फेरींत मुलांनीं आम्हांस चकित केलें. रेडा दिसला कीं ज्ञानेश्वर, जातें दिसलें कीं जनाबाई, मातीच्या चिखलांत नाचणारा तो गोरा कुंभार. मळा व खुरपें दिसतांच सांवता माळ्याचें नांव चार तोंडांतून एकदम निघालें. दुसरी फेरी कठीण करावी म्हणून योजकांनीं त्याच चित्रांतील केवळ मुखें कापून दाखविलीं. सभा गप्प. एकहि मूल बोलेना. नामदेवाचें मुख एकनाथाचें ठरलें, एकनाथाचें रामदासांचें. फक्त एका मुखापाशीं मागें बसलेली एक वृद्ध आगरी बाई म्हणाली, "तो तुकाराम. शिनेमांत पायला ना!" तिचें उत्तर बरोबर होतें, आणि तिनें दिलेलें कारणहि बरोबर होतें. आमचा पुढील सर्व विचार त्या एका उत्तरांतून निघाला आहे.

खेळांतील चित्रास एक बंधन असतें. तें पाहतांक्षणीं ओळखूं आलें पाहिजे. विचार करावा लागला तर डाव गेला. आपल्याकडील गंजिफा या दृष्टीनें पाहाव्या. गंजिफा इराणकडून आलेल्या; बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनास गंजिफांचा संच त्याच्या मागणीवरून पाठविल्याची नोंद स्वतःच केली आहे, म्हणजे खेळ भेट देण्याची रीतहि जुनीच म्हणावयाची. आपल्या लोकांनीं त्या खेळांत दशावतार बसविले. दहा रंग, प्रत्येकाचीं बारा पानें, एकूण १२०. त्यांत एक राजा, एक प्रधान व बाकीचीं एक ते दहा अंकांचीं. राजाच्या पानावर अवताराची संपूर्ण मूर्ति असते, परंतु अंकाच्या पानांवर मूर्ति मुळींच नसते. तेथें मत्स्यासाठीं मासा, कूर्मासाठीं कांसव, परशुरामासाठीं परशु, एवढेंच. बाराांपैकीं दहा पानें केवळ खुणेवर चालतात व खेळणाराचें कांहीं अडत नाहीं. सावंतवाडीस हा उद्योग नामशेष होण्याच्या बेतांत आला असतां शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यास पुन्हा जीव दिला, हें वाचकांस ठाऊक असेलच. तेथून जवळच असलेल्या पिंगुळीच्या चित्रकथींतहि तीच रीति दिसते. ठाकर मंडळींच्या त्या कथाचित्रांतील पात्रें मुकुट, आयुध व अंगाचा रंग यांवरून ओळखावयाचीं; नाकडोळे बहुधा एकाच घडणीचे.

येथें एक आडवळण घेतों. महाराष्ट्रांतील दशावतारांच्या कित्येक चित्रांत व जुन्या पंचांगांत नवव्या स्थानीं बुद्ध म्हणून विठ्ठलाची मूर्ति काढलेली आढळते. रा. चिं. ढेरे यांनीं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथांत याचा विस्तारानें विचार केला आहे, म्हणून त्याची पुनरुक्ति करीत नाहीं. आमच्या विषयापुरता अर्थ इतकाच कीं, ठरलेल्या जागीं खुद्द देवाची मूर्ति बदलूं शकते व पाहणारास त्यांत कांहीं चुकल्यासारखें वाटत नाहीं. मग संतांच्या मुखांची काय कथा?

संस्कृत ग्रंथांत देवांच्या मूर्तींचीं लक्षणें पुष्कळ दिलेलीं आहेत. बृहत्संहितेंत मानें आहेत, विष्णुधर्मोत्तरांत तर चित्रसूत्रच आहे. परंतु हीं लक्षणें देवांचीं. अमुक साधूचें नाक असें काढावें, असें कोणी सांगत नाहीं. शुक्रनीतिसारांत तर देवाचें बिंब बेडौल झालें तरी तें श्रेयस्कर, आणि मर्त्याचें सुरेख साधलें तरी तें अशुभ, अशा आशयाचें वचन आहे. त्या ग्रंथाचा काळ वादग्रस्त असला तरी वृत्ति जुनी आहे. जैनांनीं चोवीस तीर्थंकरांची ध्यानमुद्रा एकच ठेविली व भेद दाखविण्यास लांछनें योजिलीं. ऋषभाचा वृषभ, महावीराचा सिंह. आमच्या संतांचें रेडा, जातें, मडकें हें त्याच जातीचें लांछन होय.

हीं लांछनें आलीं कोठून? बहुतांशीं कथांतून, आणि त्या कथा घरोघर पोंचविल्या ताहराबादच्या महीपतीनें. नाभाजीच्या भक्तमालेसारखे आधार समोर ठेवून त्यानें भक्तविजय १७६२ सालीं व भक्तलीलामृत १७७४ सालीं पुरें केलें. महीपतीचें वर्णन बारकाईनें वाचणारास असें दिसून येईल कीं, तो संतांचें रूप क्वचितच सांगतो. तो प्रसंग सांगतो. सेना न्हावी राजाच्या सेवेस वेळेवर गेला नाहीं, देवच त्याचें रूप घेऊन गेला, व तेलाच्या वाटींत राजास चतुर्भुज प्रतिबिंब दिसलें. या कथेंतून चित्रकारास वाटी मिळाली, मुख मिळालें नाहीं. एकनाथाच्या कथेंतून कावड व तहानेनें तळमळणारें गाढव मिळालें. एक लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, कुंभार, माळी, न्हावी, सोनार यांस त्यांच्या धंद्याचीं साधनें हींच खूण झालीं. ज्याचा धंदा चित्रांत दाखविण्यासारखा नव्हता त्यासच वीणा-चिपळ्या देण्यांत आल्या. तुकोबा वाण्याच्या कुळांतले, परंतु त्यांच्या हातीं तराजू दिलेलें चित्र आमच्या पाहण्यांत नाहीं. चिपळ्या मात्र नारदालाहि आहेत व नामदेवालाहि. म्हणून या खुणेवर एकट्या भिस्त ठेवून चित्रास तुकोबांचें नांव देणें धोक्याचें आहे. विमान, गरुड अथवा इंद्रायणींतून वर येणाऱ्या वह्या यांपैकीं कांहीं जवळ असेल तरच द्यावें.

आतां मुखांचा इतिहास. तो आमच्या मतें छापखान्यापासून सुरू होतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७८ सालीं पुण्यास चित्रशाळा स्थापिली व पुढें वासुकाका जोशी यांनीं ती वाढविली. १८९४ सालीं राजा रविवर्म्यानें मुंबईंत गिरगांवास आपला छापखाना काढला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला व श्लायखर नांवाच्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. १९७२ सालच्या आगींत तेथील बहुमोल सामग्री जळाली. शिळेवर रंग चढवून एका चित्राच्या हजारों प्रती निघूं लागल्या, तेव्हां जें मुख प्रत्येक चित्रकारागणिक निराळें होतें तें गोठलें. त्यांतच जाहिरातदारांनीं चित्रें फुकट वाटण्यास आरंभ केला. साबणाचे, दुधाच्या डब्यांचे व बाळांच्या औषधांचे परदेशी कारखानदार देवादिकांचीं चित्रें दिनदर्शिकांवर छापून दुकानदारांमार्फत देत. स्वीडन व ऑस्ट्रिया येथून येणाऱ्या काडेपेट्यांवरहि रविवर्म्याचीं चित्रें उतरलीं. वर्ष संपलें कीं तारखांचा भाग फाडून टाकावयाचा व चित्रास चौकट करावयाची, ही आमच्या आईची रीत होती आणि ती बहुतेक घरांत असावी. देवांमागून त्या रांगेंत संत आले. ज्याच्या घरीं पोथी नव्हती त्याच्या घरीं फुकटची तसबीर आली, व पोथींत नसलेलें मुख तीबरोबर आलें.

या क्रमांतील शेवटची व सर्वांत जबर छाप १९३६ सालच्या 'संत तुकाराम' या प्रभातच्या बोलपटाची. दिग्दर्शक विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल; तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीसांची. १९३७ सालीं व्हेनिस येथील महोत्सवांत त्याचा गौरव झाला, व मुंबईंत तो एकाच चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला. पागनीस १९४३ सालीं वारले. त्यांची मुद्रा मात्र उरली. त्यापुढील काळांतील तसबिरी आम्हीं शेजारच्या गांवांतील घरांतून पाहिल्या, त्यांपैकीं कित्येकांत तुकोबांच्या गालांची ठेवण व अर्धमिटले डोळे सरळ सरळ पागनीसांचे आहेत. तुकोबांचें वैकुंठगमन १६५० सालचें. त्या बाईनें जें मुख ओळखलें तें त्यानंतर जवळजवळ तीन शतकांनीं जन्मास आलेलें होतें! यांत तिला हंसण्यासारखें कांहीं नाहीं. उलट, आपण संत कोठें पाहिला हें तिनें प्रामाणिकपणें सांगितलें. 'अस्सल समकालीन' म्हणून चित्रें विकणारे तितकेंहि सांगत नाहींत.

तेव्हां संग्राहकांनीं मुखावर जाऊं नये, कांठावर जावें. छापखान्याचें नांव, ठिकाण, चित्राचा क्रमांक हीं बहुधा खालच्या पांढऱ्या कडेवर असतात, आणि चौकट करणारा तीच कड प्रथम कापतो. याचें प्रायश्चित्त आम्हीं स्वतः घेतलें आहे. वडिलांच्या वेळची तुकोबांची एक रंगीत तसबीर वाळवीपासून वाचवावी म्हणून आम्हीं एका चौकटवाल्याकडे दिली. त्याच्यापाशीं तयार चौकट होती, तींत बसेना, म्हणून त्यानें चहूंकडून बोटभर कागद छाटला. आम्ही दुसऱ्या दिवशीं गेलों तोंपर्यंत कातरण केरांत गेलें होतें. त्या कडेवर बारीक अक्षरांत कांहीं ओळ होती एवढें स्मरतें. ती काय होती हें लहानपणापासून रोज पाहूनहि आम्हीं एकदांहि वाचलें नव्हतें. दोष चौकटवाल्याचा थोडा, आमचा फार.

कड गेलीच असेल तर कागद बोलतो. भिंगाखालीं सारख्या ओळींत बसलेले ठिपके दिसले तर चित्र छायाचित्री ठशाचें, म्हणजे हाफटोन पद्धतीचें. हातानें टिंबलेले वेडेवांकडे ठिपके असतील तर शिळाछाप समजावें. तळाशीं टांचणीचीं अथवा खिळ्यांचीं जोडछिद्रें असतील तर तारखांचा गठ्ठा तेथें होता असें धरण्यास हरकत नाहीं. पाठीमागें कोणी उधारी मांडली असेल, मुलाच्या जन्माची घटका टिपली असेल, तर ती खोडूं नये. चित्राच्या काळाचा तोच कधीं कधीं एकमेव लेखी पुरावा असतो.

राहतां राहिला तो बक्षिसाचा मोक्षपट. त्याबरोबरच्या चिठ्ठींत हा खेळ तेराव्या शतकांत ज्ञानेश्वरांनीं निर्माण केला असें छापलें होतें व कोपऱ्यांत ज्ञानेश्वरांचें चित्रहि होतें. परंपरा त्यांचें व निवृत्तिनाथांचें नांव घेते, हें खरें. परंतु आज जे पट उपलब्ध आहेत त्यांपैकीं बहुतेक अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत. वैष्णव पटांत बहुधा ७२ घरें, जैन पटांत ८४, सूफी पटांत १०० च्या सुमारास. १८३१ सालीं मेजर हेन्री डंडास रॉबर्टसन यानें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीस १२४ घरांचा एक पट नजर केला, तो तेथें आहे. पेशवाईनंतर पुण्यास कलेक्टर असलेल्या कॅप्टन रॉबर्टसनचें पूर्ण नांवहि हेंच. पुण्याच्या दप्तरांत वावरणाऱ्या मंडळींनीं ही सांखळी अवश्य तपासावी. विलायतेंत १८९० नंतर हा खेळ नीतिपाठासह छापला गेला, हळूहळू घरांतील सद्गुण-दुर्गुणांचीं नांवें गळालीं, आणि साप व शिड्या तेवढ्या परत आमच्याकडे आल्या. चिठ्ठींतील वाक्य बदलून 'परंपरेनें ज्ञानेश्वरांशीं जोडलेला' असें लिहावें, अशी सूचना आम्हीं योजकांस केली व त्यांनीं ती पुढील वर्षासाठीं मान्य केली.

सर्वाधिक गुण मिळविणारी मुलगी अकरा वर्षांची. तिनें आपला पट आम्हांकडे आणून त्यावर सही मागितली. आम्हीं सही केली नाहीं. पटाच्या पाठीमागें शिसपेन्सिलीनें 'नेरुळ, आषाढ शुद्ध ११, शके १९४७, खेळांत बक्षीस मिळाला' असें लिहिलें, खालची छापील कड कापूं नये म्हणून तिच्या आईस सांगितलें, व पट परत दिला.