सामायिक स्मृतिखंडांचे नामकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अनेक प्रक्रियांनी मिळून वापरावयाच्या शेअर्ड मेमरीचा विचार युनिक्सच्या इतिहासात प्रामुख्याने वेगाच्या अंगाने झाला. ओळखीचा प्रश्न मागे पडला. १९८३ च्या सिस्टिम फाइव्हमध्ये स्मृतिखंडास केवळ अंकरूप की असे. ती बहुधा एखाद्या फाइलच्या आयनोड क्रमांकावरून तयार होई, आणि दोन भिन्न फाइलींवरूनही एकच की निघणे शक्य होते. खाजगी खंडांची की तर सरसकट शून्य. प्रोग्राम बंद पडला तरी खंड मागे उरे. ‘आयपीसीएस’ ही आज्ञा त्याचा मालक, आकार व जोडण्यांची संख्या सांगे. प्रयोजन सांगत नसे. असा खंड बेवारस आहे की नाही, हे व्यवस्थापकास अनुमानानेच ठरवावे लागे. अनुमान चुकून तो काढून टाकल्यास चालू डेटाबेसच्या नव्या प्रक्रियांना त्या कीवरून खंड सापडेनासा होई.

१९९३ च्या पॉझिक्स मानकाने नाव दिले खरे, परंतु ते नाव म्हणजे पत्ताच होता. दोन असंबद्ध प्रोग्रामांनी एकच नाव निवडले की गोंधळ ठरलेला. प्रस्तुत लेखकाच्या मते खरे वळण २०१४ मध्ये, लिनक्स ३.१७ मधील ‘मेमएफडी क्रिएट’ने आले. येथील नाव निव्वळ ओळखचिठ्ठी आहे. एकाच नावाचे अनेक खंड सुखाने नांदतात, आणि चालू प्रक्रियांची माहिती देणाऱ्या ‘प्रॉक’मध्ये ते वाचता येते. निनावी सामायिक स्मृतीस अशी चिठ्ठी लावण्याची सोय २०२३ च्या ६.२ आवृत्तीत झाली. सिस्टिम फाइव्हचे खंड मात्र ‘प्रॉक’मध्ये अद्यापि ‘सिसव्ही’ या अक्षरांपुढे की जोडूनच दाखविले जातात.