वेबपेज तुमच्या फोनचे कोणते एपीआय वापरतं? असं शोधा

एका बातम्यांच्या साइटला मी कुठलीच परवानगी दिली नव्हती. तरी तिचा कोड माझ्या फोनची बॅटरी किती टक्के आहे ते वाचत होता!

ब्राउझर पेजला ज्या सोयी वापरू देतो, ते वेब एपीआय. मी त्यांचे दोन गट करतो:

विचारून: लोकेशन, कॅमेरा, माइक, नोटिफिकेशन.

न विचारता: स्क्रीनचा आकार, कॅनव्हास, बॅटरी. असे तुकडे जोडून फोन ओळखता येतो. म्हणूनच फायरफॉक्सने २०१७ मध्ये पेजेसना बॅटरी एपीआय बंद केला. क्रोममध्ये तो चालतो.

शोधायचं कसं? कॉम्प्युटरवर क्रोममध्ये पेज उघडा. एफ१२ दाबा, मग कंट्रोल+शिफ्ट+एफ. 'गेटबॅटरी' इंग्रजीत, सलग टाइप करा. सापडलं, तर कोणत्या फाइलमध्ये आहे ते बघा: साइटच्या स्वतःच्या, की जाहिरातवाल्यांच्या?

परवानग्यांची यादी रिकामी दिसली म्हणून निर्धास्त राहू नका.