पायवाट, वहिवाट आणि सार्वजनिक भूमी : ॲपलाचियन ट्रेलच्या चळवळीचा एक पैलू

डोंगरवाटा तुडविणारा मनुष्य त्या वाटांचा कैवारी नेमका केव्हा होतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याच्या निसर्गप्रेमात शोधले जाते. ते अपुरे वाटते. अमेरिकेच्या पूर्व भागातील, १४ राज्यांतून जाणाऱ्या सुमारे ३,५०० कि.मी. लांबीच्या ॲपलाचियन ट्रेलचा इतिहास पाहता हा प्रश्न अखेर जमिनीच्या मालकीपाशी येऊन ठेपतो, असे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

या वाटेची कल्पना बेंटन मॅकाय (१८७९–१९७५) यांची. हार्वर्ड विद्यापीठातून वनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते वनखात्यात दाखल झाले. १९११ च्या वीक्स कायद्याने पूर्वेकडील खासगी जंगले विकत घेण्याचा अधिकार संघराज्य शासनास मिळाला. मात्र त्या खरेदीने नौवहनयोग्य नद्यांच्या प्रवाहाचे रक्षण होते, हे सिद्ध करणे आवश्यक होते. त्यासाठी १९१२ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांत झालेल्या अभ्यासात मॅकाय सहभागी होते. जमीन सार्वजनिक कशी होते, हे त्यांनी असे ओढ्यांचे पाणी मोजताना जवळून पाहिले. पत्नीच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १९२१ मध्ये, वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात त्यांनी आपली योजना मांडली. तीत पायवाट हा केवळ कणा होता. निवासी वसाहती आणि शेती-शिबिरे हे तिचे खरे अंग होते.

प्रत्यक्ष वाट उभी राहिली ती मुख्यत्वे मायरन एव्हरी या वकिलामुळे. मोजणीचे चाक हाती घेऊन त्यांनी वाटेचा इंच न् इंच मोजला, स्वयंसेवकांची मंडळे उभारली आणि १९३७ मध्ये वाट सलग झाली. परंतु तिचा बराच भाग खासगी जमिनीतून, मालकाच्या तोंडी परवानगीवर चालत होता. आपल्या महसुली भाषेत सांगायचे तर ती वहिवाटही नव्हती, केवळ मर्जी होती.

दोघांतील दरी उघड झाली ती शेनान्डोआ येथे. डोंगरमाथ्यावरून स्कायलाइन ड्राइव्ह हा मोटाररस्ता निघाला, तेव्हा एव्हरींनी वाट बाजूला सरकविणे मान्य केले. मॅकाय यांना ते तत्त्वतः अमान्य होते. १९३५–३६ च्या कडवट पत्रव्यवहारानंतर दोघांचे संबंध संपले. मॅकाय १९३५ मध्ये वाइल्डरनेस सोसायटीच्या संस्थापकांत सामील झाले. (या रस्ताविरोधी संस्थेचा विचार १९३४ मध्ये नॉक्सव्हिलनजीक, मोटार रस्त्याकडेला थांबवून पक्का झाला, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे.) या वादात एव्हरींना तडजोडवादी ठरविण्याची प्रथा आहे, ती अन्यायकारक वाटते. १९४५ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी डॅनियल होक यांनी राष्ट्रीय पायवाटांचे विधेयक मांडले, तेव्हा समितीपुढे त्याच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांत एव्हरी होते. मर्जीवर वाट टिकत नाही, हे ती मोजणाऱ्याइतके कोणास कळणार? विधेयक मंजूर झाले नाही आणि १९५२ मध्ये एव्हरी निवर्तले.

वाटेला कायद्याचा आधार मिळाला तो १९६८ च्या राष्ट्रीय पायवाट प्रणाली कायद्याने. तरीही भूसंपादन रेंगाळले. १९७८ च्या दुरुस्तीने ९ कोटी डॉलरची तरतूद होऊन त्यास वेग आला आणि आज ९९ टक्क्यांहून अधिक वाट संरक्षित भूमीवर आहे.

तथापि, या 'सार्वजनिक' शब्दाची किंमत कोणी चुकविली, हेही पाहावयास हवे. शेनान्डोआ उद्यानासाठी व्हर्जिनिया राज्याने सक्तीने जमिनी घेतल्या आणि शेकडो डोंगरी कुटुंबे तेथून उठविली गेली. अनेकांकडे जमिनीचे कागद नव्हते. पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट हाच त्यांचा दाखला होता. मॅकाय यांच्या १९२१ च्या आराखड्यात डोंगरावर माणसांच्या वस्तीला आणि शेतीला जागा होती. वाट पूर्ण झाली. आराखड्याचा तो भाग मात्र कागदावरच राहिला.