संरक्षणविषयक धोरण आणि अभ्यासक : भारतातील संवादाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : परराष्ट्र धोरण व राष्ट्रीय सुरक्षा यांविषयीचे निर्णय शासन घेते आणि त्यांची चिकित्सा अभ्यासक करतात. या दोन वर्गांना एका व्यासपीठावर आणण्याचे प्रयत्न भारतात स्वातंत्र्यापूर्वीपासून झाले. प्रस्तुत लेखात या प्रयत्नांचे यश कशावर अवलंबून राहिले, याचा विचार केला आहे.

संस्थात्मक पायाभरणी : सर तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स ही बिनसरकारी संस्था स्थापन झाली. तिने १९४७ च्या मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीत आशियाई संबंध परिषद भरविली. परराष्ट्र संबंधांच्या अभ्यासाला अशा प्रकारे व्यासपीठ मिळाले. संरक्षणाचा विषय मात्र शासनापुरताच मर्यादित राहिला.

१९६२ च्या चीन युद्धातील पराभवाने ही उणीव उघड केली. त्यानंतर संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर १९६५ मध्ये, संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था अस्तित्वात आली. प्रशासकीय सेवेतील के. सुब्रह्मण्यम यांनी दोन वेळा तिचे संचालकपद भूषविले. २०२० मध्ये या संस्थेला मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले.

कागदपत्रांचा प्रश्न : व्यासपीठ मिळाले तरी चर्चेला लागणारी साधने खुली झाली नाहीत. १९६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल १९६३ मध्येच तयार झाला होता. परंतु शासनाने तो अधिकृतरीत्या प्रसिद्ध केला नाही. परिणामी अभ्यासकांना आठवणी, आत्मचरित्रे व परदेशी साधने यांवर विसंबावे लागले.

याला महत्त्वाचा अपवाद म्हणजे कारगिल आढावा समिती होय. जुलै १९९९ मध्ये नेमलेल्या या समितीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यम होते. निवृत्त लेफ्टनंट जनरल के. के. हजारी, पत्रकार बी. जी. वर्गीस व शासकीय अधिकारी सतीश चंद्र हे तिचे सदस्य होते. समितीला गोपनीय कागदपत्रे पाहता आली. काही भाग वगळून तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेसमोर ठेवण्यात आला. त्यानंतर नेमलेल्या मंत्रिगटाने २००१ मध्ये संरक्षण दल प्रमुख या पदाची शिफारस केली. ते पद जानेवारी २०२० मध्ये प्रत्यक्षात आले. युद्धांचे इतिहास लिहिले जावेत व त्यांविषयीची कागदपत्रे खुली करण्याचे स्पष्ट धोरण असावे, असेही या समितीने सुचविले होते. संरक्षण मंत्रालयाने असे धोरण जून २०२१ मध्ये जाहीर केले. त्यानुसार ही कागदपत्रे सर्वसाधारणपणे २५ वर्षांत खुली होणे अपेक्षित आहे.

निष्कर्ष : केवळ परिषदा व संस्था यांमुळे संवाद घडत नाही. ज्या पुराव्यांवर निर्णय झाले, ते पुरावे उपलब्ध नसतील तर अभ्यासकाची भूमिका श्रोत्याची अथवा समर्थकाची उरते. कारगिल समितीच्या शिफारशींना वजन प्राप्त झाले, ते तिच्या सदस्यांच्या अधिकाराइतकेच त्यांना पाहता आलेल्या कागदपत्रांमुळे होय. सुरक्षाविषयक धोरणाची लोकशाही चिकित्सा व्हावयाची असेल, तर व्यासपीठाइतकेच अभिलेखागारही महत्त्वाचे मानावे लागेल.