शाळा कशी मोजायची? (अकोटच्या निमित्ताने)

"भाऊ, पोट्ट्याले कोन्या शायेत टाकाव?"

दर उन्हाळ्यात अकोटहून हा प्रश्न येतो. यंदा तो माझ्या चुलतभावाचा होता. पुण्यात आयटीत काम करणाऱ्या माणसाला सगळं माहीत असतं असा आमच्या घरच्यांचा जुना समज आहे, त्याला इलाज नाही :) त्याच्यापुढे दोन पर्याय आहेत. एक गावातली जुनी, मोठी, अनुदानित मराठी शाळा: पाचवी ते दहावी, प्रत्येक वर्गाच्या चार-चार तुकड्या. दुसरा गावाबाहेरची नवी इंग्रजी शाळा: पिवळी बस, टाय आणि रस्त्याच्या कडेला निकालाचा भलामोठा फ्लेक्स.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. त्याऐवजी दोन-तीन शनिवार-रविवार एकाच प्रश्नामागे घालवले. शाळा चांगली की वाईट हे आपण ज्या मापांनी ठरवतो, ती मापं आली कुठून? जे सापडलं ते गमतीशीर आहे आणि थोडं त्रासदायकही. ही मापं बहुतेक वेळा पालकांसाठी बनलेलीच नव्हती. कुणाला पैसे वाटायचे होते, कुणाला हिशेब ठेवायचा होता. आपण ती नंतर उचलून आपल्या कामाला लावली.

जेव्हा शाळाच मुलाला निवडायची

1853च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. अकोट तेव्हाही कापसाचं गाव होतं आणि इथल्या सतरंज्या नावाजलेल्या होत्या. 1884 साली नगरपालिका आली. 1901च्या जनगणनेत गावची लोकसंख्या 18,252 होती, म्हणजे त्या काळाच्या मानाने चांगलं मोठं गाव. पण सरकारी हायस्कूल म्हणाल तर अमरावती आणि अकोला. अकोटहून अकोला पंचेचाळीस किलोमीटर, तेही बैलगाडीच्या जमान्यात. पोराला तिकडे ठेवायचं म्हणजे राहण्या-जेवण्याची सोय हवी, ओळख हवी, आणि शेतातले दोन हात कमी झाले तरी चालेल अशी घरची परिस्थिती हवी.

अकोल्याच्या हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे हेडमास्तर होऊन गेले. शेक्सपिअरचं नाटक 'तारा' नावाने मराठीत आणणारे आणि 1907च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले ते हेच महाजनी. म्हणजे शाळेचा दर्जा हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तिथे पोचायचं कसं हा. तिथे पोचणाऱ्या मोजक्या पोरांच्या जोरावर शाळेचं नाव व्हायचं. न पोचलेल्यांचा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

निकाल तसे पैसे

शाळेला आकड्यांत मोजायची पहिली मोठी यंत्रणा इंग्लंडात उभी राहिली. 1862 साली रॉबर्ट लो ह्या मंत्र्याने नियम केला की शाळेला अनुदान मिळणार ते मुलांची हजेरी आणि इन्स्पेक्टरने घेतलेली वाचन-लेखन-गणिताची परीक्षा ह्यांवर. आमच्या कंपनीतल्या अप्रेझलची आठवण झाली ना? मलाही झाली. परिणामही तोच झाला. पोरांनी वाचनाची पुस्तकं पाठ केली. इन्स्पेक्टरसमोर पुस्तक हातात धरायचं आणि घडाघडा म्हणून दाखवायचं. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होता, आणि त्याने ह्या पद्धतीवर सडकून टीका केली.

हीच पद्धत हिंदुस्थानातही आली. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत अनुदानित शाळांना निकालावर पैसे मिळू लागले. 1882 साली हंटर कमिशन बसलं. त्यापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हा मुद्दा आपण शाळेत वाचलेला असतो. पण त्याच निवेदनात ह्या निकालपद्धतीबद्दलही ते बोलले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जिथे लोक गरीब आहेत आणि शिक्षणाची गोडी अजून लागायची आहे, तिथे निकालावर पैसे देणं उपयोगाचं नाही. अशा वस्तीत स्वतःच्या जोखमीवर शाळा काढायला कुठलाच मास्तर धजणार नाही, कारण त्यात त्याचं पोटच भरणार नाही.

मला हे वाक्य वाचून थांबावंसं वाटलं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी हा माणूस सांगतोय की तुमचं माप चांगल्या शाळा शोधून काढत नाही, ते फक्त शाळांना सोप्या मुलांकडे ढकलतं. इंग्लंडात ही पद्धत 1897पर्यंत पूर्ण मोडीत निघाली. आपल्याकडे कर्झनच्या 1904च्या शिक्षणविषयक ठरावाने ती सोडून द्यायचं धोरण धरलं. सवय मात्र राहिली.

पंजाबरावांचं उलटं माप

वऱ्हाडात ह्या सगळ्याला उलटा प्रश्न विचारला तो डॉ. पंजाबराव देशमुखांनी. 1898 साली पापळला जन्म, ऑक्सफर्डहून वैदिक धर्मावर डॉक्टरेट, आणि परत आल्यावर काय केलं? अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय. म्हणजे आधी वसतिगृह, सगळ्या जातींच्या मुलांसाठी. 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था. आज विदर्भभर पसरलेली ही संस्था. अकोटचं श्री शिवाजी महाविद्यालय तिचंच.

वसतिगृह ही साधी गोष्ट वाटते. पण विचार करा. वर सांगितलेला पंचेचाळीस किलोमीटरचा अडसर नेमका तिथे दूर होतो. निकाल किती लागला ह्याच्या आधी पंजाबराव विचारत होते, आत कोण आलं? कुणब्याचं पोरगं आलं का, महाराचं आलं का? शाळेचं हे माप कुठल्याही फ्लेक्सवर मी आजवर पाहिलेलं नाही.

टक्केवारीचा फुगा

मग बोर्ड आलं. 1966 साली राज्याचं माध्यमिक शिक्षण मंडळ सुरू झालं, 1975 साली नव्या पद्धतीतली पहिली दहावीची परीक्षा झाली. आमच्या आधीच्या पिढीसाठी शाळा म्हणजे मेरिट लिस्ट. अमुक शाळेचा पोरगा बोर्डात आला की पुढची दहा वर्षं त्या शाळेला मरण नाही. ती यादी 2000च्या दशकात बंद झाली आणि तिची जागा टक्केवारीने घेतली.

आता जरा आकडे बघू. राज्याचा दहावीचा निकाल 2024 साली 95.81 टक्के होता, 2025 साली 94.10. 2021 साली कोविडमुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला 99.95! (त्या बॅचची चूक काहीच नाही, पण आकड्याचा अर्थ कळावा म्हणून सांगतोय.) ज्या टेस्टमध्ये जवळपास सगळेच पास होतात, त्या टेस्टने दोन प्रोग्रॅममधला फरक कळत नाही, हे आमच्यातला फ्रेशरसुद्धा सांगेल. 96 टक्केवाली शाळा आणि 100 टक्केवाली शाळा, ह्यांत फरक किती? साठ मुलांत दोन-तीन मुलांचा.

आणि ती दोन-तीन मुलं कुठे जातात हेही सांगतो. शिक्षणहक्क कायदा 2010पासून लागू झाला. माझ्या शाळेच्या वर्षांत आठवीपर्यंत कुणाला नापास करता येत नसे. त्यामुळे चाळणी नववीत लागायची. दहावीचा निकाल बिघडवतील अशी मुलं तिथेच अडकायची, किंवा त्यांच्या हातात 17 नंबरचा फॉर्म यायचा. म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बस, आमच्या निकालात नको. ज्या चुलतभावाने मला फोन केला, त्याने असाच 17 नंबर भरला होता. शाळेचं नाव सांगत नाही. त्या वर्षी शाळेच्या फळ्यावर शंभर टक्के लिहिलं होतं, पेढे वाटले गेले. तो पुढच्या खेपेला पास झाला, आज त्याचं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान आहे. पण त्या शंभरात तो नव्हता.

पट, पगार आणि पद

सरकारचं स्वतःचं आवडतं माप मात्र निकाल नाही, पट आहे. पटावर शिक्षकांची पदं ठरतात, त्याला संचमान्यता म्हणतात. जे मोजाल ते वाढतं. ऑक्टोबर 2011मध्ये 3 ते 5 तारखेला राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा अनेक शाळांत कागदावरची मुलं वर्गात नव्हतीच.

त्यातच 2001 साली 'कायम विनाअनुदानित' शाळांचं धोरण आलं. तो 'कायम' शब्द 2009 साली काढला, पण दरम्यान कितीतरी शिक्षक वर्षानुवर्षं बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर शिकवत राहिले. 15 मार्च 2024च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष आणखी कडक झाले. म्हणजे पट घटला की पद जातं, पद गेलं की विषयाला शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून पालक पोरं काढतात, की पट पुन्हा घटतो. आमच्या भाषेत इन्फिनिट लूप.

मग काय बघायचं?

अमेरिकेत 1966 साली जेम्स कोलमनचा एक गाजलेला अहवाल आला. लाखो मुलांचा अभ्यास करून निघालेला निष्कर्ष असा की मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीने जास्त ठरतो. त्यावर आजवर वाद चालू आहे, पण एक गोष्ट नक्की: घरी शिकलेले आईबाप असलेली मुलं निवडून घेतली, की निकाल आपोआप चांगला लागतो. त्यात शाळेची भर किती, हे कळत नाही.

अकोट तालुक्यात ह्याचं उत्तर डोळ्यांसमोर आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली काही गावं सातपुड्याच्या खाली ह्या तालुक्यात वसवली आहेत. तिथल्या मुलांची घरची भाषा कोरकू. अशा मुलाला पाचवीत घेऊन दहावीला मराठीत विज्ञानाचा पेपर लिहायला लावणारी शाळा 60 टक्क्यांवर थांबली, तरी तिने केलेलं काम 95 टक्क्यांच्या शाळेपेक्षा मोठं असू शकतं. फ्लेक्सवर ते दिसणार नाही.

म्हणून भावाला मी उत्तराऐवजी प्रश्न पाठवले. तुम्हालाही उपयोगी पडतील, शाळा अकोटची असो की कोथरूडची:

1. दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुलं होती, आणि यंदा त्यातली किती दहावीला बसली? (प्रत्येक शाळेला 11 अंकी यू-डायस कोड असतो आणि वर्गवार पटाची माहिती सरकारी संकेतस्थळावर बघता येते. 17 नंबरचं विचारायला विसरू नका.)

2. गणित, विज्ञान, इंग्रजीची मंजूर पदं किती, भरलेली किती, तासिकेवर किती?

3. तुकड्या कशा पाडतात? मोठ्या शाळेत हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. हुशार मुलं 'अ'मध्ये आणि उरलेली 'ड'मध्ये असतील, तर ती एक शाळा नाही, एका आवारातल्या दोन शाळा आहेत. 'अ'चे सर 'ड'ला शिकवतात का, ते विचारा.

4. प्रयोगशाळेतल्या उपकरणांवर धूळ आहे का? वाचनालयाच्या रजिस्टरमधली शेवटची नोंद कधीची?

5. मुलींच्या स्वच्छतागृहात दुपारी तीन वाजता पाणी असतं का? सकाळी सगळीकडेच असतं.

6. जमलं तर मागच्या बाकावरच्या मुलाच्या आईला भेटा. पहिल्या नंबराच्या मुलाचे वडील सगळ्याच शाळांबद्दल चांगलंच बोलतात.

माझं मत विचाराल तर, आधी त्या जुन्या मोठ्या शाळेत जाऊन यावं. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक असण्याची शक्यता जास्त, मैदान असतं, बऱ्याच ठिकाणी सेमी इंग्रजीही असतं, आणि गावातली सगळ्या घरांतली पोरं एका बाकावर बसतात. प्रश्नांची उत्तरं वाईट आली तर खुशाल दुसरीकडे जा, कुणाच्या पोराचा प्रयोग करायचा नाही. पण फ्लेक्स बघून जाऊ नका. आणि उत्तरं बरी आली, तर एवढं लक्षात ठेवा की तुमचं एक नाव म्हणजे त्या शाळेच्या पटावरचं एक नाव आहे, आणि त्या पटावर 'ड' तुकडीला गणिताचे सर मिळणार की नाही हे ठरतं.

असो, बरंच लांबलं. तुमच्या गावात शाळा कशावरून ठरवतात? कळवा.