तोफेपासून नखापर्यंत

नेलपॉलिशच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे आपण सहसा वाचत नाही. एकदा वाचून पाहावीत. ब्यूटिल अ‍ॅसिटेट, इथिल अ‍ॅसिटेट, नायट्रोसेल्युलोज ही नावे बहुतेक बाटल्यांवर सुरुवातीलाच भेटतात. भारतातल्या नियमांप्रमाणे सौंदर्यप्रसाधनातले एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे बाटलीत सर्वांत जास्त काय आहे, ते यादीच्या आरंभीच कळते. ज्या रंगासाठी आपण पैसे मोजतो, तो मात्र यादीच्या शेवटी कुठेतरी असतो.

मग ही पहिली तीन मंडळी कोण? त्यांचा इतिहास शोधू लागलो की आपण नटण्यामुरडण्याच्या दुनियेतून थेट रणांगणावर पोचतो.

भडकणारा कापूस

कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो रेणू साखळीसारखे जोडून हा लांबलचक रेणू बनतो. साखळीच्या प्रत्येक कडीवर हायड्रॉक्सिलचे तीन गट असतात. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ख्रिस्तियान शोनबाइन हे रसायनशास्त्रज्ञ होते. ओझोन वायूला नाव देणारे तेच. १८४५-४६ च्या सुमारास त्यांनी नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची कापसावर क्रिया घडवली. घरात सांडलेले आम्ल त्यांनी पत्नीच्या सुती एप्रनने पुसले, एप्रन शेगडीजवळ वाळत घातला आणि तो भप्पकन नाहीसा झाला, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्टीतले तिखटमीठ सोडून देऊ. रसायन मात्र खरे आहे. हायड्रॉक्सिल गटांच्या जागी नायट्रेट गट बसले की दिसायला कापूसच राहतो, पण जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन आता त्याच्या रेणूतच असतो. म्हणून तो क्षणात जळतो, आणि धूर जवळजवळ होत नाही.

तोफांच्या काळ्या दारूने रणांगण धुराने भरून जाई. त्यामुळे या बिनधुराच्या ‘गनकॉटन’ने सैन्याधिकारी हरखून गेले. पण १८४७ मध्ये इंग्लंडमधील फॅव्हरशॅम येथल्या गनकॉटन कारखान्यात भीषण स्फोट झाला आणि अनेक कामगारांचा बळी गेला. कापसाच्या तंतूंच्या पोकळीत उरलेले आम्ल हे या अस्थिरतेचे मोठे कारण होते. कापसाचा लगदा करून तो भरपूर पाण्याने पुनःपुन्हा धुतला तर हा धोका पुष्कळ कमी होतो, हे फ्रेडरिक एबल यांनी १८६० नंतरच्या दशकात दाखवून दिले.

विरघळते म्हणून उपयोगी

नायट्रेट गट थोडे कमी बसवले तर? तीन जागांपैकी सरासरी दोन-सव्वादोन भरल्या, तर पदार्थाची स्फोटकता उतरते आणि एक नवा गुण दिसू लागतो. साध्या कापसाला न विरघळवणारे द्रावक त्याला विरघळवू शकतात. ईथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात तो विरघळवला की मधासारखा दाट द्रव मिळतो. द्रावक उडून गेले की मागे पारदर्शक, चिवट पापुद्रा राहतो. हे ‘कलोडियन’. बॉस्टनमध्ये १८४८ च्या सुमारास जखमेवर पट्टीऐवजी ते लावून पाहिले गेले. म्हणजे माणसाच्या अंगावर हा पापुद्रा प्रथम आला तो औषध म्हणून. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवर कलोडियन पसरून छायाचित्रे घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

पापुद्र्यात एक दोष होता. वाळला की तो ठिसूळ होई. हा दोष घालवायला आपल्या देवघरातला कापूर कामी आला. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी १८७० च्या सुमारास नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून सेल्युलॉइड बनवले. कापराचे लहान रेणू लांब साखळ्यांच्या मधे शिरतात आणि त्यांना एकमेकींवरून सरकू देतात. अशा घटकाला प्लॅस्टिसायझर म्हणतात. सेल्युलॉइडच्या कंगव्यांमागोमाग चित्रपटांच्या फिती आल्या. जुन्या मूकपटांच्या फितीही नायट्रोसेल्युलोजच्याच. त्यांचा जन्मजात स्वभाव मात्र गेला नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशा फितींच्या कोठीला आग लागली आणि भारतीय चित्रपटांची हजारो रिळे जळून गेली.

नको असलेले ब्यूटॅनॉल

आता द्रावकांकडे वळू. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश तोफांसाठी कॉर्डाइट लागे. ते बनवताना गनकॉटन आणि नायट्रोग्लिसरीन एकजीव करायला अ‍ॅसिटोन हवे असे. तोवर अ‍ॅसिटोन लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळे, आणि ते पुरेना. मँचेस्टरमधील रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमन (हेच पुढे इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले) यांना पिष्टमय पदार्थ आंबवून अ‍ॅसिटोन देणारा जीवाणू सापडला होता. मका, तांदूळ असे धान्य त्याला चाले. धान्याची टंचाई झाली तेव्हा १९१७ मध्ये ब्रिटनमधील शाळकरी मुलांना हॉर्स चेस्टनटची फळे गोळा करायला सांगण्यात आले. ती कशासाठी, हे मुलांना सांगितले नव्हते. युद्धाच्या अखेरच्या काळात आपल्या नाशिकलाही अ‍ॅसिटोनचा कारखाना उभारला गेला.

या जीवाणूची एक अडचण होती. अ‍ॅसिटोनच्या एका भागाबरोबर तो ब्यूटॅनॉलचे सुमारे दोन भाग तयार करी. लढाईला ब्यूटॅनॉलचा फारसा उपयोग नव्हता. त्याचे साठे पडून राहिले. युद्ध संपले तेव्हा नायट्रोसेल्युलोजचे मोठे कारखाने रिकामे पडले होते आणि ब्यूटॅनॉल मुबलक होते. त्याच सुमारास अमेरिकेत मोटारींचे पीक आले होते. पण मोटारीचे जुने व्हार्निश थरावर थर देऊन वाळवायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागत. ब्यूटॅनॉल आणि अ‍ॅसेटिक आम्लापासून ब्यूटिल अ‍ॅसिटेट बनते, आणि ते नायट्रोसेल्युलोजचे उत्तम द्रावक आहे. ड्यू पाँ कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज रंग १९२३ मध्ये ओकलंड मोटारींवर आला. रंगकामाचे दिवस तासांवर आले.

नखांवर लावायचे द्रवरूप पॉलिश अमेरिकेत १९१७ च्या सुमारास बाजारात आले होते. तोवर पूड किंवा मलम चोळून नखे चमकवत. मोटारीच्या रंगाचे तंत्र हाताशी आल्यावर नखाच्या रंगानेही तोच मार्ग धरला. सुरुवातीची पॉलिशे रंगद्रव्य विरघळलेली, म्हणून फिकट आणि पारदर्शक होती. १९३२ मध्ये रेव्हसन बंधू आणि रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स लाखमन यांनी रेव्हलॉन कंपनी काढली आणि न विरघळणारे, गडद रंगकण घातलेले अपारदर्शक पॉलिश विकायला आणले.

प्रत्येकाला काम

बाटलीत मग कोणकोण काय करते? नायट्रोसेल्युलोज पापुद्रा धरते. इथिल अ‍ॅसिटेट ७७ अंश सेल्सियसला उकळते, म्हणून लवकर उडते. ब्यूटिल अ‍ॅसिटेट १२६ अंशांना उकळते आणि रेंगाळते. दोन्ही का हवीत? द्रावक फार वेगाने उडाले तर थर एकदम थंड होतो, दमट हवेतले पाणी त्यावर जमते आणि चमक जाऊन पांढुरके डाग दिसतात. पावसाळ्यात हे अधिक होते. राळेसारखा एखादा घटक चमक आणि चिकटपणा देतो. रासायनिक प्रक्रिया केलेली खास माती रंगकणांना तळाशी बसू देत नाही. कुंचला फिरताना ती पातळ होते, हात थांबला की पुन्हा घट्ट. बाटलीतल्या पोलादी गोळ्या हलवताना ढवळण्याचे काम करतात. टिटॅनियम डायऑक्साइड, लोहाची ऑक्साइडे, अभ्रक ही रंगकणांची नेहमीची नावे.

मेंदीशी तुलना केली तर फरक कळतो. मेंदीतले लॉसोन नखाच्या केराटिनशी जोडले जाते, म्हणून नख वाढून पुढे जाईपर्यंत रंग टिकतो. नेलपॉलिश नखावर नुसते बसते.

‘मुक्त’ म्हणजे काय?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. प्लॅस्टिसायझर म्हणून कापराच्या जोडीला डायब्यूटिल थॅलेट आले. तेही ब्यूटॅनॉलपासूनच बनते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते गर्भातल्या नराच्या जननेंद्रियांच्या वाढीत बिघाड करते, असे दिसले. युरोपीय संघाने २००४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी केली. द्रावकांना साथ देणाऱ्या टोल्युइनच्या वाफांनी डोकेदुखी आणि चक्कर येते. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक ठरले. त्यापासून बनलेल्या राळेची काहींना अ‍ॅलर्जी होते. गंमत अशी की पुरळ बोटांवर न उठता पुष्कळदा पापण्यांवर आणि मानेवर उठते, कारण ओल्या नखांचा हात तिथे लागतो.

‘या तिघांपासून मुक्त’ अशा बाटल्या मग निघाल्या. पण प्लॅस्टिसायझर काढला म्हणून पापुद्र्याचा ठिसूळपणा कुठे जातो? ते काम दुसऱ्या कोणाला तरी करावेच लागते. अनेक कंपन्यांनी ट्रायफेनिल फॉस्फेट घातले. ते प्लॅस्टिकमध्ये आग रोखण्यासाठीही वापरतात, आणि शरीरातील संप्रेरकांच्या कामात ते ढवळाढवळ करत असावे अशी शंका आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पॉलिश लावल्यावर १० ते १४ तासांनी त्यांच्या लघवीत या रसायनापासून बनणारा पदार्थ जवळजवळ सातपट झाला होता. तो श्वासातून आला की नखातून? काहींनी हातमोजे घालून कृत्रिम नखांवर पॉलिश लावले, तेव्हा वास तसाच होता, पण ही वाढ दिसली नाही. म्हणजे मुख्य वाट श्वासाची नव्हती. तुलनेच्या प्रयोगाचा इतका सुटसुटीत नमुना वर्गात जरूर सांगावा.

महिन्यातून एकदोनदा पॉलिश लावणाऱ्या व्यक्तीने घाबरून जावे असे आम्हाला वाटत नाही. काळजी आहे ती ब्यूटी पार्लरमध्ये बंद, वातानुकूलित खोलीत दिवसभर दुसऱ्यांची नखे रंगवणाऱ्या मुलींची. द्रावक उडते ते तिथल्या हवेतच. उघडी खिडकी, हवा बाहेर फेकणारा पंखा आणि जवळपास ज्योत नसणे एवढ्याने बरेच साधते. आपल्या विद्यार्थिनींपैकी काही जणी या व्यवसायात जाणार आहेत.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. खिडकी उघडी ठेवून, ज्योतीपासून दूर, काचपट्टीवर पॉलिशचा थर द्या. वाळल्यावर पापुद्रा सोलून पाहा. दुसऱ्या थरावर पॉलिश काढायच्या द्रावकाचे दोन थेंब टाका. थर विरघळेल आणि पुन्हा वाळेल. वाळताना रेणू बदलले नाहीत, फक्त द्रावक उडाले, हे मुले स्वतःच सांगतील. नंतर निरनिराळी वेष्टने वाटून प्रत्येक घटकापुढे त्याचे काम लिहायला सांगा. ज्या वेष्टनावर ‘अमुक नाही’ असे ठळक छापले असेल, तिथे एकच जास्तीचा प्रश्न द्यावा: त्याचे काम आता कोण करते?