हिमसह ताड

हिमसह ताड : हिमवर्षाव होणाऱ्या मुलखांतील उद्यानांत उघड्यावर वाढविता येण्याजोग्या मोजक्या ताडवृक्षांना ही संज्ञा लावतात. त्यांत अग्रमान चुसान पाम (ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी) ह्या चिनी जातीचा असून, जमिनीत नीट मूळ धरलेले तिचे झाड उणे १५° से.च्या आसपासची थंडी अल्पकाळ सोसते. चुसान बेटावर रॉबर्ट फॉर्च्यून यांच्या दृष्टीस ही झाडे पडली आणि १८४९ मध्ये त्यांनी रोपे इंग्लंडला धाडली. अमेरिकेच्या आग्नेय भागातील नीडल पाम (रॅपिडोफायलम हिस्ट्रिक्स) ह्याहूनही काटक; परंतु तो झुडपासारखा बुटका राहत असल्याने हौशी लोक त्याची उपेक्षा करतात, आणि ती अन्यायाची आहे. कुमाऊँतील पिथोरागढच्या टापूत सु. २,००० मी.हून अधिक उंचीवर, हिवाळी बर्फात निसर्गतः वाढणाऱ्या ट्रॅकिकार्पस टाकिल ह्या भारतीय जातीचे वर्णन बेक्कारी यांनी १९०५ मध्ये केले.

संगोपनाचे सारे मर्म शेंड्याच्या एकमेव अंकुरात आहे. कोकणातील बागाईतदार गेंड्या भुंग्यापासून माडाचा कोंब जपतो तो ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी येथेही तो जपावा लागतो. कारण पाने करपली तरी ती पुन्हा येतात, पण अंकुर नासला की एकखोडी झाडास दुसरा फुटवा नसतो. तथापि त्याचा घात नुसत्या थंडीने होतो त्याहून अधिक वेळा गाभ्यात साचून गोठणाऱ्या पाण्याने आणि मागाहून येणाऱ्या कुजीने होतो, ही गोष्ट तापमापकाकडेच डोळे लावून बसणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. म्हणून लागवड वसंताच्या अखेरीस, दक्षिणाभिमुख भिंतीच्या आडोशास व पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत करावी. हिवाळ्याच्या तोंडी बुंध्याभोवती सुक्या पानांचा जाड थर पसरावा, जेणेकरून माती खोलवर गोठून मुळांचे पाणी तुटणार नाही. पाने वर वळवून सैल बांधावी आणि कडाक्याच्या दिवसांपुरते हवा खेळेल असे कापड गुंडाळून वर पाऊस-बर्फ अडविणारे छप्पर द्यावे. प्लॅस्टिकचे घट्ट वेष्टन मात्र वर्ज्य मानावे, कारण आत कोंदणारी वाफ थंडीपेक्षा घातक ठरते. पानांवर साचलेले जड बर्फ हलक्या हाताने झाडावे; बुंध्याशी पडलेले तसेच राहू द्यावे, कारण ते मुळांना ऊबच देते. लहान रोपे प्रौढ झाडांइतकी काटक नसल्याने पहिले काही हिवाळे ती कुंडीतच ठेवून थंड पण गोठणार नाही अशा खोलीत हलवावी.

वसंतात मधले कोवळे पान ओढताच हाती आले, तर कूज शिरली असे समजावे. तरीही झाड तडकाफडकी उपटू नये, कारण गाभा कोरडा ठेवून ताम्रयुक्त कवकनाशकाचा उपचार केल्यास उन्हाळ्यात नवे पान फुटण्याचा संभव असतो.

दक्षिण स्वित्झर्लंडच्या तिचीनो परगण्यात चुसान पाम उद्यानांची वेस ओलांडून रानांत इतका पसरला, की १ सप्टेंबर २०२४ पासून तेथील संघ-सरकारने देशभर त्याच्या विक्रीस मनाई केली आहे.